इराणचा अमेरिकेवरचा राग मुळापासून वाचायचा तर: ‘ऑफिस ऑफ द हिस्टोरियन’ची मोफत दस्तऐवज सेवा

इराणमध्ये अमेरिकेविरुद्ध घोषणा का होतात, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा १९७९ पासून सुरू होतं. तेहरानच्या अमेरिकन दूतावासावर कब्जा, ५२ ओलीस, ४४४ दिवस. इराणी माणूस मात्र १९५३ पासून हिशोब मांडतो. त्या वर्षी इराणचं निवडून आलेलं सरकार अमेरिका आणि ब्रिटननं आखलेल्या कटात पाडलं गेलं. त्या हिशोबाचे बरेचसे कागद अमेरिकन सरकारनंच छापले आहेत आणि ते घरबसल्या वाचता येतात. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्याचं ‘ऑफिस ऑफ द हिस्टोरियन’ ही सेवा चालवतं. मालिकेचं नाव ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’. अभ्यासक तिला नुसतं ‘फ्रस’ म्हणतात. १८६१ पासून ती निघते आहे.

इराणपुरतं बोलायचं तर एवढं खात्रीचं साहित्य दुसरीकडे कुठेही फुकट मिळत नाही. पण चुकीचा खंड हातात पडला तर वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल होते, आणि तो चुकीचा खंड आजही त्याच संकेतस्थळावर, त्याच यादीत बसलेला आहे. त्यामुळे आधी तेच बघू.

दोन खंड, एकच काळ

१९५१ ते १९५४ या काळातल्या इराणवर दोन खंड आहेत. पहिला आहे १९५२-५४ च्या मालिकेतला खंड १०, प्रकाशन १९८९. दुसरा आहे ‘इराण, १९५१-१९५४’, प्रकाशन १५ जून २०१७. यादीत दोघांची नावं इतकी सारखी दिसतात की घाईत माणूस जुनाच उघडतो.

जुन्या खंडात इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांचं सरकार पाडण्यात सीआयएचा हात होता, याचा उल्लेखच नाही. शेकडो पानांमधून तेलाच्या वाटाघाटी आहेत, राजदूतांच्या तारा आहेत आणि मग ऑगस्ट १९५३ मध्ये सरकार जणू आपोआप कोसळतं. हा खंड छापून आल्यावर अमेरिकन इतिहासकारांनीच गदारोळ केला. मालिकेवर देखरेख करणाऱ्या सल्लागार समितीचे अध्यक्ष वॉरन कोहेन यांनी १९९० मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला. १९९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदाच केला, की ही मालिका सखोल, अचूक आणि विश्वासार्ह असली पाहिजे. सीआयएच्या प्रमुखांनी नव्वदीच्या सुरुवातीला कागद खुले करण्याची आश्वासनं दिली आणि १९९७ मध्ये जाहीर झालं, की त्यातले बहुतेक कागद साठच्या दशकातच नष्ट केले आहेत. २००० मध्ये डोनाल्ड विल्बर यांनी १९५४ साली लिहिलेला सीआयएचा अंतर्गत इतिहास ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हाती लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी या उलथापालथीत अमेरिकेचा मोठा वाटा होता, असं जाहीर मान्य केलं. सीआयएच्या स्वतःच्या कागदातली स्पष्ट कबुली खुली व्हायला मात्र ऑगस्ट २०१३ उजाडावं लागलं. नवा खंड तयार झाल्यावरही इराणशी अणुकराराच्या वाटाघाटी चालू आहेत म्हणून रखडला.

ही सगळी दिरंगाई मी मुद्दाम सांगते आहे. इराणी मनातला राग फक्त १९५३ च्या कृत्याचा नाही. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट पुढची कित्येक दशकं कागदावर नाकारली गेली, याचाही तो आहे. आणि ते नाकारणं कसं दिसतं हे बघायला जुना खंड फार उपयोगाचा आहे. म्हणून तो टाकून देऊ नका, नव्याच्या शेजारी ठेवा.

एक कागद जवळून

१८ ऑगस्ट १९५३. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री वॉल्टर बेडेल स्मिथ राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना एक छोटं टिपण पाठवतात. ते जुन्या खंडातही छापलेलं आहे. त्यात म्हटलंय, की इराणी सेनापतींनी तीन दिवस घोळ घातला, त्या वेळात मोसादेघना सगळं कळलं आणि बेत फसला. आता इराणकडे नव्यानं बघावं लागेल आणि तिथे काही वाचवायचं असेल तर बहुधा मोसादेघशीच जवळीक करावी लागेल. इंग्रजांशी थोडी कटकट वाढेल.

जुन्या खंडात हे टिपण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कुठला बेत? कोणाचे सेनापती? उपमंत्र्याला याची इतकी काळजी का? नवा खंड उघडला की त्याच तारखेच्या आसपास सीआयएच्या मुख्यालयानं तेहरानच्या ठाण्याला पाठवलेली तार सापडते: प्रयत्न करून झाला, तो फसला, आता अमेरिकेपर्यंत माग लागेल अशा कुठल्याही मोसादेघविरोधी कारवाईत भाग घेऊ नये. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, तेहरानच्या रस्त्यांवर जमाव आणि रणगाडे उतरले आणि मोसादेघ यांचं सरकार गेलं. इराणी पंचांगात ही तारीख २८ मोरदाद १३३२. तिथे ‘२८ मोरदाद’ एवढंच म्हटलं तरी पुरतं.

हे दोन कागद एकत्र वाचले की आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती इराणी सरकारच्या प्रचारातही येत नाही आणि अमेरिकन समर्थनातही नाही. वॉशिंग्टननं हात झटकले होते. शेवटच्या दिवशीचं काम तेहरानमधला सीआयएचा माणूस कर्मिट रूझवेल्ट, मोसादेघ यांच्या जागी पंतप्रधान झालेले जनरल फझलोल्ला झाहेदी, सैन्यातले शहांशी, म्हणजे इराणच्या राजाशी, एकनिष्ठ असलेले अधिकारी आणि रस्त्यावरची इराणी माणसं यांनी मिळून तडीस नेलं. कोणाचा वाटा किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण बेत लंडन आणि वॉशिंग्टननं आखला होता, आयझेनहॉवर यांची मंजुरी जुलैमध्ये मिळालेली होती आणि पैसाही बाहेरून आला होता, यात आता वादाला जागा नाही.

वाचायचा क्रम

नवा खंड ३७५ दस्तऐवजांचा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचणं फारसं कोणाला जमत नाही आणि त्याची गरजही नाही.

सुरुवातीचे वाचनीय कागद १९५१ चे. त्याआधी तेलाची पार्श्वभूमी डोक्यात हवी, कारण खंड ती गृहीत धरतो. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज भांडवलदाराला मिळालेल्या सवलतीत इराणचा वाटा नफ्याच्या १६ टक्के होता. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनंच तेल काढणाऱ्या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकन कंपन्यांनी निम्मा-निम्मा नफा देऊ केला, तरी ही ब्रिटिश कंपनी, म्हणजे अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी, वेळेत हलली नाही. मार्च १९५१ मध्ये इराणी संसदेनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, पुढच्याच महिन्यात मोसादेघ पंतप्रधान झाले.

ट्रुमन यांच्या काळातले कागद वाचताना अमेरिकन अधिकारी इंग्रजांच्या हटवादीपणाला कंटाळलेले दिसतात. जुलै १९५१ मध्ये ट्रुमन यांचे दूत अॅव्हरेल हॅरिमन मध्यस्थीसाठी तेहरानला गेले. ऑक्टोबरमध्ये मोसादेघ स्वतः अमेरिकेत आले आणि परराष्ट्र खात्याचे अधिकारी जॉर्ज मॅगी यांच्याशी त्यांची प्रदीर्घ बोलणी झाली. हे कागद टाळू नका. इराणचा राग विश्वासघाताचा आहे, आणि आधी विश्वास होता हे इथेच समजतं. १९०९ मध्ये तब्रीझमध्ये राज्यघटनावाद्यांच्या बाजूनं लढताना मेलेला अमेरिकन शिक्षक हॉवर्ड बास्करव्हिल, किंवा १९११ मध्ये इराणच्या तिजोरीला शिस्त लावायला गेलेला आणि रशियाच्या दबावामुळे परत पाठवला गेलेला मॉर्गन शस्टर, ही माणसं इराणमध्ये आदरानं आठवली जात होती. रशिया आणि इंग्लंडच्या कात्रीत सापडलेल्या देशाला अमेरिका हा तिसरा, निःस्वार्थ मित्र वाटत होता.

मग थेट मार्च ते ऑगस्ट १९५३ च्या प्रकरणावर या. ‘टीपी-एजॅक्स’ (कटाचं सांकेतिक नाव) कारवाईची आखणी आणि अंमलबजावणी असं त्याचं स्वरूप आहे आणि खंडाचा गाभा तोच. इथे घाई करू नका. मोसादेघ कम्युनिस्ट नव्हते हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे. भीती आहे ती ते कोसळले तर तुदेह हा इराणचा कम्युनिस्ट पक्ष सत्ता घेईल याची. शीतयुद्धाची ही भीती खोटी नव्हती, ते अधिकारी ती मनापासून बाळगून होते. त्यांनी निवडलेला उपाय मात्र निवडून आलेल्या सरकारच्या मुळावर उठला.

शेवटच्या भागातून दोन गोष्टी उचला. सप्टेंबर १९५३ च्या पहिल्या आठवड्यात झाहेदी सरकारला जाहीर झालेली ४.५ कोटी डॉलरची तातडीची मदत, आणि १९५४ चा तेलकरार. त्या करारात जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकन कंपन्यांना मिळून ४० टक्के, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६ टक्के हिस्सा गेला. १९५१ पर्यंत इराणच्या तेलात अमेरिकन कंपन्यांचा हिस्सा नव्हता. हे आकडे समोर आले की तेहरानमधला माणूस कटाकडे तेलाच्या चष्म्यातून का बघतो, हे वेगळं समजावावं लागत नाही.

वापरताना कुठे अडतं

शोधपेटीत मोसादेघ यांचं नाव एकाच स्पेलिंगनं टाकाल तर निम्मे कागद हुकतील. परराष्ट्र खातं एक स्पेलिंग वापरतं, सीआयए दुसरं, काही टिपणांत तिसरंच. शेवटी ‘क्यू’ असलेलं आणि ‘जीएच’ असलेलं, एक ‘एस’ आणि दोन ‘एस’, अशी सगळी रूपं वेगवेगळी टाकून बघा. त्यापेक्षा तारखांची मर्यादा घालून शोधणं सोपं पडतं. तारखा इंग्रजी पंचांगाच्याच चालतात.

तारखांचा दुसरा घोळ वेळेचा. तेहरान वॉशिंग्टनच्या उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ तास पुढे आहे. १८ ऑगस्टच्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये लिहिलेला कागद तेहरानमध्ये १९ च्या पहाटे पोचतो. १५ ते १९ ऑगस्टमधल्या तारा वाचताना शेजारी कागदावर दोन रकाने आखून वेळा उतरवून घ्या, नाहीतर कोणी कोणाच्या आधी काय ठरवलं याचा उलटाच अर्थ लागतो.

चौकटी कंसात तिरप्या अक्षरांत ‘इतक्या ओळी खुल्या केलेल्या नाहीत’ असं दिसेल. ही संपादकांची प्रामाणिक खूण आहे. प्रस्तावनेत हिशोबही दिलाय: १० दस्तऐवज पूर्ण रोखले, ३८ मधला परिच्छेद किंवा त्याहून जास्त मजकूर काढला, ८२ मध्ये किरकोळ काटछाट. गाळलेल्या ओळी कुठे येतात ते बघत चला. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा उल्लेख यायला हवा तिथे त्या वारंवार येतात. कटाची मूळ कल्पना इंग्रजांची, पण या खंडात त्यांची सावलीच दिसते.

त्याहून मोठी उणीव नष्ट झालेल्या तारांची. तेहरान ठाण्याच्या मूळ तारा राहिल्या नाहीत. सीआयएच्या अंतर्गत इतिहासासाठी मायक्रोफिल्मवरून काहींच्या टंकलिखित नकला काढल्या होत्या, मग ती फिल्मही गेली. आज आपण वाचतो त्या अनेक तारा म्हणजे त्या नकला आहेत. म्हणून प्रत्येक दस्तऐवजाच्या तळाची स्रोताची टीप आधी वाचायची सवय लावा. कागद कुठल्या पेटीतला, मूळ की नक्कल, कोणी लिहिला, कोणाकडे गेला, हे तिथे मिळतं.

सांकेतिक नावं गोंधळात टाकतात. ‘टीपी-बेडॅम’ दिसलं तर ती कटाची नव्हे, तुदेहविरोधी प्रचाराची आधीपासून चाललेली मोहीम. खंडाच्या सुरुवातीच्या माणसांच्या आणि संक्षेपांच्या याद्या दुसऱ्या टॅबमध्ये उघड्या ठेवल्या की बरंच सुसह्य होतं.

मोबाइलवर वाचणार असाल तर पूर्ण खंडाचं ई-पुस्तक उतरवून घ्या. संशोधनात संदर्भ देताना पानापेक्षा दस्तऐवज क्रमांक द्या, तो कुठल्याही रूपात तोच राहतो.

१९५३ च्या पुढे

बरेच जण इथेच थांबतात, आणि ते चुकीचं आहे. १९६४-६८ च्या मालिकेतला खंड २२ इराणचा आहे. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६४ काढा. १३ ऑक्टोबरला मजलिसनं, म्हणजे इराणी संसदेनं, अमेरिकन लष्करी सल्लागार आणि त्यांच्या कुटुंबीयांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा संमत केला. इराणमध्ये या सवलतीला जुना, कडू इतिहास आहे. १८२८ च्या तुर्कमानचाय तहात रशियानं अशीच सूट पदरात पाडून घेतली होती, आणि आधीचे राजे रेझा शहा यांनी १९२८ मध्ये परदेशीयांच्या अशा सवलती रद्द केल्या तेव्हा देशानं सुटकेचा श्वास सोडला होता. त्यांच्याच मुलानं, म्हणजे त्या वेळच्या शहांनी, ते दार पुन्हा उघडलं, आणि सोबत २० कोटी डॉलरचं शस्त्रकर्ज आलं. २६ ऑक्टोबरला धर्मगुरू रुहोल्ला खोमेनी यांनी कोम शहरात भाषण केलं: अमेरिकन स्वयंपाक्यानं शहांनाच गाडीखाली चिरडलं तरी त्याला कोणी हात लावू शकणार नाही, पण इराण्यानं अमेरिकन माणसाचं कुत्रं चिरडलं तर चौकशी होईल. ४ नोव्हेंबरला त्यांना अटक करून तुर्कस्तानात धाडलं. पंधरा वर्षांनी दूतावासाच्या भिंती ओलांडल्या गेल्या तीही तारीख ४ नोव्हेंबर, इराणी १३ आबान. हा खंड कायदा कसा पार पडला ते सांगतो, तो लोकांना का झोंबला ते त्या भाषणाशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पुढचा थांबा खंड ई-४, इराण आणि इराक, १९६९-७२. हा फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघाला. मे १९७२ अखेर निक्सन आणि किसिंजर तेहरानला गेले. त्यानंतर २५ जुलैला किसिंजर यांनी परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांना कळवलं, की लष्करी सामग्री कोणती घ्यायची हे साधारणपणे इराण सरकारवरच सोडावं. छोटासा कागद आहे, पण पुढच्या अब्जावधी डॉलरच्या शस्त्रखरेदीचा रस्ता त्यातून मोकळा झाला. पुढच्याच वर्षी सीआयएचे माजी प्रमुख रिचर्ड हेल्म्स राजदूत म्हणून तेहरानला गेले. १९५७ मध्ये अमेरिकन मदतीनं उभ्या राहिलेल्या सावाक या गुप्त पोलिसांच्या कोठड्यांत जे होत होतं, त्याच्या शेजारी ही नेमणूक लोकांना कशी दिसली असेल याचा विचार वॉशिंग्टनमध्ये फारसा झालेला दिसत नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये देश सोडून गेलेल्या आजारी शहांना न्यूयॉर्कच्या रुग्णालयात प्रवेश दिला गेला, तेव्हा तेहरानमध्ये पहिली शंका पुन्हा २८ मोरदादची आली.

जे इथे मिळणार नाही

या सेवेची मूळ मर्यादा अशी, की इथे इराणी माणूस फक्त अमेरिकन राजदूताच्या कानातून ऐकू येतो. आबादानच्या तेलकामगारांच्या वस्त्या, ३० तीर १३३१ ला, म्हणजे जुलै १९५२ मध्ये, मोसादेघ यांच्यासाठी रस्त्यावर गोळ्या खाणारे लोक, गोळ्या घालून देहदंड दिलेले परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी, इराणमधल्याच अहमदाबाद या गावातल्या घरात १९६७ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत राहिलेले मोसादेघ, या सगळ्यांचा जीव या कागदांत शोधू नका. ‘एका देशाची फाइल’ याच भावनेनं वाचा.

दूतावासातल्या कर्मचाऱ्यांनी फाडलेल्या पट्ट्या विद्यार्थ्यांनी जुळवून छापलेले कागद वेगळे आहेत. त्यांचे पन्नासाहून अधिक खंड निघाले. ते वाचताना निवड आणि प्रस्तावना कोणाची हे ध्यानात ठेवा. कागद खरे असले तरी कुठला आधी ठेवायचा हे छापणाऱ्यानं ठरवलंय.

आणि ३ जुलै १९८८ साठी सरळ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर जा. तेही मोफत आहे. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान अमेरिकन युद्धनौका ‘व्हिन्सेन्स’नं पाडलं, २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं. मृतांमध्ये दहा भारतीयही होते. इराणनं मे १९८९ मध्ये खटला दाखल केला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली: ६.१८ कोटी डॉलर इराणी मृतांच्या वारसांना, कमावत्या व्यक्तीमागे तीन लाख आणि इतरांमागे दीड लाख. कायदेशीर जबाबदारी अमेरिकेनं स्वीकारली नाही. मधल्या काळात त्या नौकेच्या कप्तानाला त्याच्या त्या कार्यकाळासाठी पदक मिळालं होतं. दोन्ही देशांचे लेखी युक्तिवाद तिथे आहेत. आधी इराणचं निवेदन वाचा, मग अमेरिकेचे प्राथमिक आक्षेप. निवेदन लांब आहे, वेळ नसेल तर घटनाक्रमाचा भाग तरी पूर्ण वाचा.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी २०१७ च्या खंडाची प्रस्तावना, १६ ते १९ ऑगस्ट १९५३ चे सगळे दस्तऐवज आणि २८ ऑगस्टचं कर्मिट रूझवेल्ट यांच्या निवेदनाचं टिपण एवढं वाचावं. महिनाभर देता येत असेल तर १९५१ पासून सुरू करा, आणि जुना खंड १० दुसऱ्या टॅबमध्ये उघडा ठेवा.